एका प्रोग्रॅमची चार वर्षं

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये फिबोनाचीचा प्रोग्रॅम नाही, असं सहसा होत नाही. पहिल्या दोन संख्या ० आणि १; पुढची प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. ०, १, १, २, ३, ५, ८, १३ अशी ही माळ लांबत जाते. लूप शिकवताना हा प्रोग्रॅम एकदा येतो आणि रिकर्शन शिकवताना पुन्हा. दुसऱ्या वेळी तो जेमतेम चार ओळींचा असतो: न २ पेक्षा लहान असेल तर न हेच उत्तर, नाहीतर फिब(न-१) आणि फिब(न-२) यांची बेरीज. मुलं तो पायथनमध्ये टाइप करतात, १० टाकून ५५ आल्याचं बघतात, प्रिंटआउट जर्नलला लावतात आणि सही घेतात. प्रॅक्टिकल संपलं.

आता त्या चार ओळींना हात न लावता फिब(५०) मागून बघा. कर्सर लुकलुकत राहतो. चहा पिऊन आलात तरी उत्तर आलेलं नसतं. कंटाळून प्रोग्रॅम थांबवा आणि फिब(२०००) मागा. पापणी लवायच्या आत लाल अक्षरांत एरर येते आणि खेळ खलास. ५० ला तो तासभर घुटमळतो आणि २००० ला तडकाफडकी नकार देतो. संख्या चाळीसपट मोठी असताना प्रोग्रॅम आधी कसा आटोपला?

संगणकशास्त्राच्या पदवीत मुलं काय शिकतात, हे विषयांच्या यादीवरून सांगता येत नाही, असं माझं मत आहे. या एका प्रश्नाचं उत्तर विद्यार्थी कुठवर देऊ शकतो, यावरून ते जास्त नीट कळतं. चार वर्षांतला जवळजवळ प्रत्येक मोठा विषय या चार ओळींचा एकेक पदर उलगडतो. अडचण अशी, की हे पदर एकाच कापडाचे आहेत हे मुलांना क्वचितच कोणी सांगतं.

आधी सुरुवातीचा, सगळ्यात अवघड पदर बघू. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांत, प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स पूर्ण केलेल्या २१६ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. प्रश्न गणिती पदावल्या सोडवणाऱ्या कॅल्क्युलेटरचे होते. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. शिक्षकांना हा धक्काच होता. मुलांना समस्येची फोड करता येत नाही, असा एक तर्क पुढे आला. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांत दुसरी चाचणी घेतली. तीत प्रोग्रॅम लिहायचाच नव्हता. मुख्यतः दिलेला छोटा प्रोग्रॅम वाचून त्याचं आउटपुट सांगायचं होतं, म्हणजे आपल्याकडे ज्याला ड्राय रन म्हणतात तो करायचा होता. तिथेही बरीच मुलं अडखळली. दोष समस्येच्या फोडीपर्यंत पोचतच नव्हता, तो त्याच्या आधीच होता. ओळ चालली की यंत्रात काय होतं, याचं चित्रच डोक्यात तयार नव्हतं.

हे चित्र आपोआप तयार होत नाही. अ बरोबर अ अधिक १ हे वाक्य बीजगणिताच्या सवयीने वाचलं तर खोटं ठरतं. इथे डावीकडे एक खण आहे, उजवीकडे त्या खणातली आत्ताची किंमत आहे, आणि मधलं बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आत ठेव' असा हुकूम आहे. ज्याला हे उमगलं नाही तो पुढे पॉइंटरपाशी अडतो, रिकर्शनला थबकतो आणि शेवटी पाठांतराचा आसरा घेतो. पहिल्या कोर्समध्ये शिकायची खरी गोष्ट पायथनही नाही आणि सीही नाही. एक काल्पनिक यंत्र डोक्यात उभं करायचं आणि ते हाताने, एकेक पाऊल चालवून बघायचं, ही ती गोष्ट. पुढच्या सगळ्या विषयांचं काम हे यंत्र हळूहळू खरं करत नेण्याचं.

दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स येतं. मुलं ते एम-१, एम-२ च्या रांगेतला आणखी एक गणिताचा पेपर समजून काढतात. आपल्या मुलांच्या बाबतीत ते जास्तच वाईट वाटतं, कारण फिबोनाचीच्या संख्या मुळात छंदःशास्त्रातून आपल्या हाती आलेल्या आहेत. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग न मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? शेवटचं अक्षर बघा. ते लघु असेल तर उरल्या न-१ मात्रा, गुरू असेल तर उरल्या न-२. म्हणून न मात्रांचे प्रकार म्हणजे त्या दोन्हींच्या प्रकारांची बेरीज. चार मात्रांचे पाच प्रकार होतात: गुरू-गुरू, लघु-लघु-गुरू, लघु-गुरू-लघु, गुरू-लघु-लघु, आणि चारही लघु. विरहांकाने हा नियम पिसाच्या लिओनार्दोच्या, म्हणजेच फिबोनाचीच्या, कित्येक शतकं आधी मांडला. बाराव्या शतकात हेमचंद्राने तो स्पष्ट लिहून ठेवला. लिओनार्दोचा ग्रंथ १२०२ चा आहे.

अभिमान सुखावण्यासाठी हा इतिहास मी सांगत नाही. 'शेवटचं अक्षर बघा' हे तीन शब्द म्हणजे रिकर्शनचं अख्खं मर्म आहे. मोठा प्रश्न सोडवायचा नाही, त्याचा शेवटचा तुकडा काढायचा आणि उरलेला तसाच पण लहान प्रश्न सुटलेला आहे असं धरायचं. पादाकुलकासारखी सोळा मात्रांची ओळ घेतली तर १५९७ प्रकार निघतात. आठ-आठ मात्रांच्या दोन भागांच्या सांध्यावर गुरू पसरू द्यायचा नाही, अशी अट घातली तर प्रत्येक भागाचे ३४ प्रकार आणि एकूण ३४ गुणिले ३४, म्हणजे ११५६. बेरीज कधी करायची आणि गुणाकार कधी, हे या उदाहरणात ओळ म्हणून बघताच कळतं. सूत्र म्हणून पाठ केलेला बेरजेचा आणि गुणाकाराचा नियम परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे. फिब(५०) का अडकतो? हा प्रोग्रॅम आधी काढलेलं उत्तर लक्षात ठेवत नाही. फिब(४८) एकदा फिब(५०) साठी काढतो आणि एकदा फिब(४९) साठी, दोन्ही वेळा अगदी मुळापासून. किती वेळा फंक्शनला हाक जाते, हे नेमकं मोजता येतं. फिब(न) साठी एकूण कॉल होतात फिब(न+१) च्या दुपटीतून एक वजा, इतके. फिब(४०) साठी ३३ कोटींहून जास्त, फिब(५०) साठी ४,०७३ कोटी. सेकंदाला एक कोटी कॉल झाले असं धरलं तरी तास उलटून जातो. लूप लावून तेच उत्तर ४९ बेरजांत निघतं.

डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम्स या विषयांनी द्यायची ती ही नजर. बबल सॉर्ट पाठ असणं दुय्यम आहे. एक लाख नावं बबल सॉर्टने लावायची तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात आणि मर्ज सॉर्टने सुमारे १७ लाख, हा फरक प्रोग्रॅम चालवायच्या आधी कागदावर दिसला पाहिजे. लावलेल्या यादीत एक नाव शोधायला यादी लाखाची असेल तर १७ तुलना लागतात, एक कोटीची असेल तर २४ आणि शंभर कोटींची असेल तर ३०. लाखावरून शंभर कोटींवर गेलो आणि फक्त १३ तुलना वाढल्या. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा ज्याला थोडंही आश्चर्य वाटत नाही, त्याला ते अजून कळलेलं नाही असं मी धरतो.

फिब(५०) सुधारायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक उत्तर एका यादीत टिपून ठेवायचं आणि पुन्हा लागलं तर तिथून उचलायचं. याला मेमोयझेशन म्हणतात. दोन ओळी वाढल्या की फिब(५०) क्षणात येतो. मुलं खूश होतात आणि लगेच फिब(२०००) मागतात. तो पुन्हा आपटतो. पहिल्यासारखाच, त्याच एररने.

या जागी अल्गोरिदमचं पुस्तक मिटतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं उघडतं. फंक्शनला हाक मारली की तिचे स्थानिक खण आणि परत कुठे जायचं तो पत्ता मेमरीत एका चळतीवर ठेवला जातो. हा स्टॅक. फंक्शन संपलं की वरचा थर उचलला जातो. फिब(२०००) हा फिब(१९९९) ला हाक मारून वाट बघतो, तो फिब(१९९८) ला हाक मारून वाट बघतो, आणि एकही थर न उचलता चळत वाढत जाते. पायथनने या चळतीवर साधारण १००० थरांची मर्यादा घातलेली आहे. पहिल्याच उतरंडीत ती ओलांडली जाते, म्हणून एरर ताबडतोब येते. फिब(५०) मध्ये कॉल ४,०७३ कोटी झाले तरी एका वेळी चळतीवर ५० पेक्षा जास्त थर कधीच नसतात. एकूण किती काम झालं हा वेळेचा हिशोब आणि एका क्षणी किती थर उभे होते हा जागेचा. मेमोयझेशनने काम घटलं, पण चळतीची उंची तेवढीच राहिली. लूपने दोन्ही घटतात आणि मग पायथन फिब(२०००) चं ४१८ अंकी उत्तर चटकन छापतो.

वेळ आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वाक्य प्रत्येक गाइडमध्ये असतं. ते कळतं मात्र ५० आणि २००० च्या मधल्या फटीत सापडल्यावर.

४१८ अंक पायथनने कुठे ठेवले, हा पुढचा प्रश्न मुलांना पडतच नाही. पायथनमध्ये पूर्णांक लागेल तेवढा लांबतो, मग पडावा तरी का? आमच्या आधीच्या पिढ्यांना तो पडायचा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मांडीवर घेऊन निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर ज्यांनी फिबोनाची छापला, त्यांना २८,६५७ नंतर अचानक उणे १९,१६८ दिसायचा. दोन धन संख्यांच्या बेरजेतून ऋण संख्या! त्या कंपायलरचा पूर्णांक १६ बिटांचा होता. सोळा खणांत ६५,५३६ मांडण्या बसतात. त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांना दिल्या की धन बाजूला ३२,७६७ ही शेवटची संख्या उरते. तिच्यापुढे गेलं की गाडीच्या किलोमीटरच्या मीटरसारखं ते फिरून दुसऱ्या टोकाला जातं. खरं उत्तर ४६,३६८. त्यातून ६५,५३६ वजा केले की उणे १९,१६८. आजच्या सीमधल्या ३२ बिटांच्या पूर्णांकात हेच फिब(४७) ला घडतं आणि पडद्यावर साधारणपणे उणे १,३२,३७,५२,२२३ उमटतं.

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये ऋण संख्यांची हीच मांडणी टूज कॉम्प्लिमेंट या नावाने शिकवतात. मुलं चार बिटांची बेरीज वजाबाकी करून गुण मिळवतात, पण त्याचं नातं फिबोनाचीशी कोणी जोडत नाही. हे नातं जोडायलाच हवं, कारण ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत याच ३२,७६७ पाशी फसलं. ६४ बिटांचा अपूर्णांकी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याचा प्रयत्न झाला आणि तो बसला नाही. ती ओळ आधीच्या एरियन ४ मधून जशीच्या तशी घेतलेली होती. तिथे आकडा कधी एवढा मोठा होतच नसे. हीच चूक घरच्या अंगणातही सापडते. लावलेल्या यादीत मधला घटक काढताना डावं आणि उजवं टोक मिळवून दोनने भागायचं, ही बायनरी सर्चची ओळ आपण सगळेच लिहितो. यादी प्रचंड मोठी असेल तर ती बेरीजच खणाबाहेर जाते. जावाच्या प्रमाण लायब्ररीत ही चूक सुमारे नऊ वर्षं होती आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती उघड केली. बायनरी सर्चचा पहिला छापील उल्लेख १९४६ चा, म्हणजे त्याच्या साठ वर्षं आधीचा आहे.

पुणे विद्यापीठाने २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी पायथन ठेवलं. निर्णय चांगलाच आहे. पहिल्या दिवसापासून मूल काहीतरी चालणारं बनवतं, सेमिकोलनवर रडत बसत नाही. पण पायथनने बऱ्याच गोष्टी पडद्याआड नेल्या आणि त्या पुन्हा समोर आणायची जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकांवर आली. ती कोणी घेत नसेल, तर डोक्यातल्या यंत्राचा तळमजला रिकामाच राहतो.

तिसऱ्या वर्षाची थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन मुलांना सगळ्यात निरुपयोगी वाटते. मशीन, टेप, डोक्यावरून जाणारी सिद्धता, आणि केटी लागायची भीती. तरी फिब(५०) पुढे लुकलुकणारा कर्सर बघत बसलेल्या मुलाच्या मनात आलेला प्रश्न हा त्याच विषयाचा गाभा आहे: हा चाललाय, का लटकलाय? आपण वाट बघतो, पंख्याचा आवाज ऐकतो, अंदाज बांधतो. कुठलाही प्रोग्रॅम आणि कुठलंही इनपुट दिलं की हा कधीतरी थांबेल किंवा थांबणार नाही, असं खात्रीने सांगणारा एखादा दुसरा प्रोग्रॅम का लिहू नये? ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं की असा प्रोग्रॅम असूच शकत नाही. आपल्याला आजवर जमला नाही असं हे नव्हे, तो कोणालाच आणि कुठल्याच यंत्रावर जमणार नाही. इलेक्ट्रॉनिक संगणक जन्माला यायच्या आधी त्याची मर्यादा सिद्ध झालेली होती. हे ज्या वर्गात फळ्यावर उतरवून सांगितलं जातं, तिथे निदान दोन मुलं मान वर करून बघतात. ती दोन पुरेत.

डेटाबेस, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा उरलेला भाग फिबोनाचीच्या पकडीत येत नाही, आणि ओढून आणायची गरजही नाही. तिथला प्रश्न वेगळा आहे. आतापर्यंत प्रोग्रॅम एकटा होता. इथे अनेकजण एकाच वस्तूला एकाच वेळी हात घालतात. शेवटची एक जागा शिल्लक आहे. दोन खिडक्यांवरचे दोन प्रोग्रॅम ती वाचतात, दोघांनाही १ दिसतो, दोघेही तिकीट फाडतात आणि दोघेही ० लिहून मोकळे होतात. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःपुरता बिनचूक आहे, तरी एका जागेवर दोन माणसं बसली. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात यावर सेमाफोर, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थोपवणारी खूण, हा उपाय काढला. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांत कशी मांडावी, याचा पाया घातला. या विषयांत ड्राय रन एका रेघेत होत नाही, दोन रेघा कशाही एकमेकींत गुंफून बघाव्या लागतात. तिकिटाच्या त्या सहा पावलांच्या सगळ्या गुंफणी एकदा हाताने लिहून काढल्या तर लॉक म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

मग हे सगळं मुलांपर्यंत पोचतं का? काही प्रमाणात. अमेरिकेत १९६८ साली एसीएम या संस्थेने पहिला सविस्तर अभ्यासक्रम सुचवला, त्यातही डिस्क्रीट स्ट्रक्चर्स आणि डेटा स्ट्रक्चर्स हे कोर्स होते. भाषा फोरट्रानपासून पायथनपर्यंत बदलत गेल्या, हे विषय राहिले. यादी चांगली आहे, विणकाम सैल आहे. २०१९ च्या पॅटर्नमध्ये अल्गोरिदम्सचा स्वतंत्र पेपर चौथ्या वर्षी येतो. तेव्हा कॅम्पसमध्ये कंपन्या येऊन गेलेल्या असतात आणि ज्या नजरेची दुसऱ्या वर्षी गरज होती ती मुलांनी क्लासमधून किंवा व्हिडिओंवरून तुकड्या तुकड्यांनी गोळा केलेली असते. परीक्षेत 'स्टॅक म्हणजे काय, उदाहरणासह स्पष्ट करा' असं विचारतात आणि उत्तरात ताटांच्या चळतीचं चित्र येतं. ताटांचं चित्र काढणाऱ्या शंभरातल्या किती जणांना फिब(२०००) का आपटला हे सांगता येईल, याची मला खरी काळजी वाटते.

ही काळजी आता वाढली आहे. चार ओळींचा फिबोनाची लिहून देणारी साधनं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. जर्नलमधला प्रोग्रॅम कुणी लिहिला, हे प्रिंटआउट बघून कळत नाही. ज्याला दिलेला प्रोग्रॅम वाचता येतो, त्याचा ड्राय रन करता येतो आणि तो कुठे मोडेल हे आधी सांगता येतं, त्याच्या हातात ही साधनं कामाची ठरतात. म्हणून प्रॅक्टिकल परीक्षेतले निम्मे गुण तरी कागद-पेन्सिलीवरच्या वाचनाला असावेत, असं मी गेली काही वर्षं सहकाऱ्यांना सांगत आलो आहे. मशीन बंद, छापील प्रोग्रॅम समोर, आणि प्रश्न एकच: काय होईल, आणि का?

एका ओरलला मी हेच केलं. टेबलापलीकडे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, घाबरलेली. एक्सटर्नल काय विचारतील याची पाठ केलेली यादी तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होती. मी तिला चार ओळी दिल्या आणि म्हटलं, "फिब(५) ला किती कॉल होतील, काढून दाखव." तिने जर्नलच्या मागच्या पानावर चौकोन काढायला घेतले. ५ च्या खाली ४ आणि ३, ४ च्या खाली ३ आणि २. मध्ये एकदा चुकली, खोडलं, पुन्हा काढलं. पंधरा चौकोन झाले. मग मी न विचारता तिने सगळ्यात लांब उतरंडीतल्या पाच चौकोनांभोवती रेघ ओढली आणि म्हणाली, "एका वेळी स्टॅकवर एवढेच."

मी पुढचा प्रश्न विचारणार, तोवर ती पानाच्या कडेला मोजायला लागली होती. फिब(५) एकदा, फिब(४) एकदा, फिब(३) दोनदा, फिब(२) तीनदा, फिब(१) पाचदा. पेन्सिल थांबली. "सर, ही पण तीच सिरीज आहे ना?" मी मान हलवली. तिने फिब(०) चे चौकोन मोजले, ते तीनच निघाले आणि कपाळावर आठी आली. क्षणभर झाडाकडे बघून ती म्हणाली, "बरोबर आहे. फिब(०) ला हाक फक्त फिब(२) च मारतो. ते तीनच आहेत."